अक्षरं शेवटी, पाठ आधी: असिरियातले लेखांकित मातीचे गोळे कसे वाचायचे

प्रश्न असा आहे: संग्रहालयांच्या असिरियन दालनांत मातीच्या पाट्यांशेजारी बोराएवढे, लिंबाएवढे, क्वचित मुठीएवढे ओबडधोबड गोळे मांडलेले असतात. एखाद्यावर चित्राचा ठसा, एखाद्यावर कीलाकार, म्हणजे खिळ्यासारख्या खुणांच्या, लिपीतल्या दोन ओळी, कुठे दोन्ही. हे फुटलेल्या पाट्यांचे तुकडे आहेत का? आणि एवढ्याशा मजकुरातून अभ्यासकांच्या हाती लागतं तरी काय?

तुकडे नाहीत. पाटी लिहिण्यासाठी घडवत, हे गोळे बंद करण्यासाठी घडवले आहेत. पोत्याचं तोंड, पेटीची दोरी, रांजणाचं झाकण, कोठाराचं दार, असं काहीही बांधून झालं की गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा, त्यावर आपली मुद्रा उमटवायची आणि गरज असेल तर बोरूने दोन शब्द कोरायचे. माती वाळली की गोळा फोडल्याशिवाय गाठ सुटत नाही. आपल्या वीजमीटरच्या तारेला शिशाचं सील असतं ना, त्याचं काम हेच. त्याने चोर अडत नाही, पण कुणी हात लावला तर ते लपत नाही.

माझं बहुतेक काम अशा गोळ्यांवरचे ठसे रेखाटण्याचं आणि वाचण्याचं आहे. या विषयात नव्याने येणाऱ्याला मी सगळ्यात आधी सांगतो की अक्षरं दिसली म्हणून लगेच अक्षरांमागे लागू नका. आधी गोळा उलटा करा.

उलट्या बाजूला, म्हणजे जी बाजू वस्तूला चिकटली होती तिथे, त्या वस्तूचा साचा उतरलेला असतो. वस्तू तीन-चार हजार वर्षांपूर्वीच कुजून गेली, साचा राहिला. दोरीचे पीळ इतके स्पष्ट असतात की ती दोन पदरी होती की तीन पदरी आणि पीळ कोणत्या दिशेला होता हे मोजता येतं. चामड्याच्या पिशवीच्या तोंडाच्या चुण्या, कापडाचं उभं-आडवं विणकाम, वेताच्या टोपलीच्या काड्या, रांजणाच्या काठाची गोलाई, हे सगळं ओळखू येतं. कधी पाठीत अर्धगोल खोबण असते, तिच्याभोवती दोरीचे चार-पाच वेढे असतात आणि एका कडेला गुळगुळीत सपाट भाग असतो. ही लाकडी खुंटी आहे आणि सपाट भाग तिच्यामागच्या गिलाव्याचा. हा गोळा दाराचा. दाराची दोरी भिंतीतल्या खुंटीला गुंडाळून त्यावर माती थापलेली.

दार की पोतं, एवढ्या फरकाने सगळा अर्थ फिरतो. पोतं शंभर कोसांवरून येऊ शकतं. त्यावरचा ठसा दूरच्या माणसाचा असेल आणि तो फक्त इतकंच सांगतो की त्याचा माल इथे पोचला. दार मात्र कुठे जात नाही. दारावरचा ठसा त्याच जागी बसून कारभार पाहणाऱ्या माणसाचा. जुन्या उत्खननांच्या अहवालांत ठशाच्या पुढच्या बाजूचे सुंदर फोटो आहेत, पाठीबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे कितीतरी ठसे ‘दूरच्या व्यापाराचा पुरावा’ म्हणून नोंदले गेले. एनरिका फिआंद्रा या इटालियन संशोधिकेने १९६० च्या दशकात क्रीट बेटावरच्या फाइस्तोसच्या गोळ्यांच्या पाठी अभ्यासून दाखवलं की त्यांतले बरेच दारांच्या खुंट्यांवरचे आहेत. पुढे तुर्कस्तानातल्या अर्सलानतेपेला हीच पद्धत हजारो गोळ्यांवर वापरली गेली आणि लिपीच्या आधीची कोठार-व्यवस्था उलगडली. आपल्या लोथलच्या वखारीतही आगीत भाजून टिकलेले साठपासष्ट मुद्रांकित तुकडे मिळाले, त्यांच्या पाठीवर वेत, कापड आणि दोऱ्यांच्या खुणा आहेत. असिरियाच्या बाबतीत फायदा एवढाच की गोळ्यावर अक्षरंही असतात. म्हणजे एकाच मातीत तीन साक्षी सापडतात. मुद्रा सांगते कुणी बंद केलं, पाठ सांगते काय बंद केलं, आणि कोरलेला मजकूर सांगतो कशासाठी किंवा कुणासाठी. तिन्ही जुळल्या तर उत्तमच. जुळल्या नाहीत तर त्याहून जास्त कळतं.

लेखांकित गोळ्यांचा सगळ्यात समृद्ध साठा असिरियाच्या मुख्य भूमीत, म्हणजे आजच्या उत्तर इराकमध्ये, नाही, तर तिथून हजार किलोमीटरवर, मध्य तुर्कस्तानात कायसेरीजवळच्या कुलतेपे इथे आहे. प्राचीन नाव कानेश. इसवी सनापूर्वी विसाव्या-एकोणिसाव्या शतकात अश्शूर शहरातले व्यापारी इथे वस्ती करून होते. (अश्शूर हे त्या शहराच्या देवाचंही नाव.) १८८० च्या दशकापासून इथल्या पाट्या बाजारात फिरत होत्या. त्या नेमक्या कुठल्या शेतातून निघतात हे चेक भाषाशास्त्रज्ञ बेद्रिख ह्रोझ्नी यांना १९२५ साली सापडलं, आणि १९४८ पासून तहसीन ओझ्ग्युच यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. आतापर्यंत २२,००० हून अधिक पाट्या मिळाल्या आहेत, आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिसंचितात नोंद केली. गोळ्यांचा आणि मुद्रांचा अभ्यास मुख्यतः निमेत ओझ्ग्युच यांनी उभा केला. या विषयात काम करणारा प्रत्येकजण आजही त्यांच्या रेखाटनांपासून सुरुवात करतो.

या व्यापाराचं गणित साधं होतं. अश्शूरला एका शेकेल (वजनाचं माप) चांदीत सुमारे १३ ते १६ शेकेल कथील मिळायचं, अनातोलियात त्याच चांदीत ६ ते ८. कथील पूर्वेकडून येई, कापड काही बाबिलोनियातून आणि काही अश्शूरच्या घराघरांतल्या बायकांच्या मागांवरून. एका गाढवावर साधारण १३० मिना, म्हणजे ६५ किलोच्या आसपास कथील, दोन बाजूंना निम्मं निम्मं, आणि वर काही कापडं. वाट सहा आठवड्यांची. माल एकाचा, तांडा हाकणारा दुसरा, उतरवून घेणारा तिसरा. म्हणून कथिलाच्या गाठोड्यांवर अश्शूरलाच शिक्कामोर्तब होई आणि कानेशला पोचेपर्यंत ते फोडायचं नाही असा दंडक होता. पण वाटेत जकात, चारा, मुक्कामाचा खर्च लागणारच. त्यासाठी ‘हातातलं’ सुटं कथील वेगळं दिलं जाई, आणि पत्रांत दोन्हींचे आकडे स्वतंत्र लिहिलेले असतात: इतकं मुद्राबंद, इतकं सुटं. मला ही तजवीज फार हुशारीची वाटते. माणसाला मोहात टाकायचंच नाही, खर्चाला लागेल तेवढं उघडं ठेवायचं आणि बाकीच्यावर कुणाचा संशय यायला जागाच ठेवायची नाही. तांडा पोचला की गाठोडी आधी तिथल्या राजाच्या वाड्यावर जात. वाडा आपला कर कापून घेई आणि मग माल मोकळा होई.

कर्जरोखेही असेच बंद होत. पाटी लिहायची, तिच्यावर मातीचाच पातळ लिफाफा चढवायचा, लिफाफ्यावर तोच मजकूर पुन्हा लिहायचा आणि ऋणको व साक्षीदारांच्या मुद्रा उमटवायच्या. वाद झाला तर लिफाफा फोडून आतला मजकूर ताडून पाहता येई. इथे मुद्रा बहुधा दंडगोल असते. बोटाच्या पेराएवढ्या दगडी नळकांडीवर उलटं चित्र कोरलेलं असतं, ती मातीवर लाटली की सुलट पट्टा उमटतो. लिफाफ्यावर आधी यादी असते: अमक्याची मुद्रा, तमक्याची मुद्रा. मग प्रत्यक्ष ठसे. आणि काही मुद्रांवर स्वतःचा कोरीव लेखही असतो, त्यात मालकाचं नाव.

या दोन नावांचा मेळ बसत नाही अशी एक जागा मी शिकवताना नेहमी दाखवतो. कुलतेपेच्या एका लिफाफ्यावर लेखनिकाने लिहिलं आहे की ही मुद्रा उकूचा मुलगा सिलुलू याची. आणि लाटलेल्या मुद्रेवरचा लेख म्हणतो: अश्शूर हा राजा आहे, सिलुलू हा अश्शूरचा कारभारी, दकिकीचा मुलगा, अश्शूर शहराचा दवंडीवाला. सिलुलू दोन, बाप वेगवेगळे. कुण्या जुन्या काळच्या शासकाची मुद्रा पिढ्यान्‌पिढ्या फिरत एका व्यापाऱ्याकडे आली आणि नाव जुळतंय म्हणून त्याने ती स्वतःची म्हणून वापरली. त्या व्यापाऱ्याला ती किती मोलाची वाटत असेल कोण जाणे. आपल्याला मात्र त्या ठशातून एक असा शासक मिळाला जो राजांच्या याद्यांत नाही, आणि ‘राजा हा देवच, माणूस फक्त त्याचा कारभारी’ हा असिरियन राज्यविचार किती जुना आहे त्याचा पुरावाही मिळाला. नुसता लिफाफा वाचला असता तर उकूचा मुलगा कळला असता. नुसती मुद्रा वाचली असती तर सिलुलू कारभारी कानेशला येऊन सही करून गेला असं कुणीतरी लिहून मोकळं झालं असतं. उर शहराचा शेवटचा राजा इब्बी-सिन याच्या काळातली मुद्राही कानेशला अशीच दुसऱ्याच हातात वापरलेली दिसते. त्यामुळे मुद्रेच्या वयावरून गोळ्याचं वय ठरवणं धोक्याचं.

दप्तरखान्यातले गोळे वेगळे. कानेशच्या व्यापाऱ्यांच्या घरात एक बंदिस्त खोली असे, तिच्यात पेट्या, टोपल्या, पिशव्या भरून पाट्या. प्रत्येकीला दोरी आणि दोरीला चिठ्ठीसारखा गोळा: या साक्षीदारांच्या पाट्या, या अमक्याच्या कर्जाच्या, या नकला. मजकूर दोन-तीन शब्दांचा, व्याकरण तुटक, पण त्यावरूनच ती माणसं आपली कागदपत्रं कशी लावत होती हे कळतं. पत्रांत वारंवार सूचना येते की माझ्या खोलीचं दार उघडायचं तर भागीदारांना सोबत घ्या, त्यांच्यासमोर शिक्का फोडा, हवी ती पाटी काढा आणि सगळ्यांच्या मुद्रांनी पुन्हा बंद करा. मुद्रा पुरुषांकडेच होत्या असंही नाही. पुशू-केन या मोठ्या व्यापाऱ्याची मुलगी अहाहा देवाला वाहिलेली होती, तिची पत्रं वडिलांच्या वारशाबद्दल आहेत, आणि बायका स्वतःच्या व्यवहारांवर स्वतः ठसा उमटवत.

कानेशच्या नैर्ऋत्येला, अक्सरायजवळ, अजेमह्युक आहे. तिथल्या सारिकाया राजवाड्याच्या खोल्यांत गोळ्यांचे ढीग सापडले. त्यांत असिरियाचा राजा शम्शी-अदाद आणि त्याच्या सेवकांच्या मुद्रा आहेत, कार्केमिशच्या राजाची, अप्लाहंदाची मुद्रा आहे, आणि मारीच्या यहदुन-लिम राजाच्या मुलीचीही. हा सगळा माल लांबून आलेला, म्हणजे इथे पोत्यांचे नि पेट्यांचे गोळे. या राजवाड्याच्या तुळया जळून कोळसा झाल्या होत्या, पण त्यांची वर्षवर्तुळं मोजता आली. लाकूड कधी तोडलं हे वर्तुळांनी सांगितलं, आणि त्यानंतर कधीतरी शम्शी-अदादच्या अधिकाऱ्याने पाठवलेली पोती इथे उघडली गेली हे गोळ्यांनी. शम्शी-अदाद आणि बाबिलोनचा हम्मुराबी यांच्या सालांबद्दल अभ्यासकांत शंभर-दीडशे वर्षांचा वाद होता. २००१ आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मापनांनी पारडं मध्यम कालगणनेकडे, किंवा फार तर तिच्याहून आठ वर्षं अलीकडच्या गणनेकडे झुकवलं. हम्मुराबीचं राज्य इ. स. पू. १७९२ ते १७५० असं, म्हणजे मध्यम कालगणनेनुसार, आपण बिनधास्त लिहितो, त्यामागे पोत्याच्या तोंडावरची ही मातीसुद्धा आहे.

आता हजार वर्षं पुढे. इ. स. पू. नवव्या ते सातव्या शतकांतलं साम्राज्य, राजधान्या काल्हू आणि निनवे. इथे गोळ्यांचा आकार बदलतो. धान्याच्या किंवा चांदीच्या छोट्या कर्जांसाठी त्रिकोणी, बदामासारखे गोळे दिसतात. त्यांच्या आतून दोरी गेलेली असते, टोकांना भोकं दिसतात आणि कधी भोकात जळलेल्या धाग्याचा अंश राहतो. वर मजकूर: इतकं धान्य, अमक्याचं, तमक्याने घेतलं, साक्षीदार, महिना, दिवस आणि त्या वर्षाच्या लिम्मुचं, म्हणजे ज्या अधिकाऱ्याच्या नावाने ते वर्ष ओळखलं जाई त्याचं नाव. लिपी कधी कीलाकार, कधी अरामी (शाईनेही लिहिता येणारी वर्णाक्षरांची लिपी), कधी दोन्ही. सीरियातल्या तेल शेख हमदला, म्हणजे प्राचीन दुर-कत्लिम्मूला, आणि खुद्द अश्शूरला अरामी मजकुराचे असे गोळे मिळाले आहेत.

दोरी का, हा इथला खरा प्रश्न. यांतल्या कितीतरी दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला चामड्याची किंवा पपायरसची गुंडाळी होती. तिच्यावर शाईने अरामीत लिहिलेलं. तो दस्तऐवज नष्ट झाला, त्याच्या गाठीवरची माती तेवढी उरली. काही गोळ्यांच्या पाठीवर त्या गुंडाळीच्या घड्या आणि पपायरसच्या शिरा उमटलेल्या दिसतात. असिरियन साम्राज्य मातीवरच लिहायचं ही आपली समजूत केवळ माती टिकते म्हणून झाली आहे. राजवाड्यांतल्या भित्तिशिल्पांत दोन लेखनिक शेजारी उभे असतात, एकाच्या हातात पाटी, दुसऱ्याच्या हातात गुंडाळी. ती दुसरी अर्धी कचेरी आज फक्त गोळ्यांच्या पाठीवर शिल्लक आहे. पाठीचा फोटो न छापणाऱ्या जुन्या ग्रंथांचा मला राग येतो तो याच कारणाने.

ज्याच्याकडे मुद्रा नव्हती तो काय करी? जमीन विकणारे कितीतरी लोक मुद्रेऐवजी नखाचा ठसा देत, आणि मजकुरात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. अर्धचंद्रासारख्या तीन-चार खुणा ओळीने असतात. बोटांचे ठसे मात्र सगळीकडे, सही म्हणून नव्हे, माती दाबताना उमटलेले.

राजाची मुद्रा ओळखायला सोपी: गोल शिक्का, मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, त्याला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने सुरा खुपसणारा राजा, कडेला बहुधा पिळाची नक्षी. नवव्या शतकापासून साम्राज्य बुडेपर्यंत हेच चित्र चालू आहे आणि बहुतेक ठशांवर राजाचं नाव नाही. नाव नसण्यातच सोय होती. राजा बदलला तरी कारभार थांबत नाही आणि अनेक कचेऱ्यांना एकाच अधिकाराने दारं बंद करता येतात. बारकाईने मापलं की लक्षात येतं, शिक्के अनेक आहेत: सिंहाचा पंजा कुठे, नक्षीचे वेढे किती, व्यास किती यावरून वेगळे काढता येतात. राणीच्या खात्याची खूण विंचू. काल्हूच्या महालात विंचवाचा ठसा दिसला की तो माल किंवा ते दार राणीच्या अखत्यारीतलं.

ब्रिटिश उत्खननकर्ता ऑस्टिन हेन्री लेयर्डला १८४९ ते १८५१ च्या खोदकामात निनवेला, सेन्नाखेरिब राजाच्या राजवाड्यात, अशा गोळ्यांचा साठाच मिळाला. त्यांतल्या एकावर इजिप्तचा कुशी वंशातला फारो शबाका शत्रूवर गदा उगारून उभा आहे, चित्रलिपीत त्याचं नाव आहे, आणि त्याच मातीवर शेजारी दुसरा, असिरियन पद्धतीचा ठसा. लेयर्डने लगेच दोन राजांमधला तह ओळखला. तसं असेलही. पण एका गुंडाळीवर दोन शिक्के हे पत्र आलं, उघडलं आणि पुन्हा बंद करून ठेवलं यानेही होऊ शकतं. इजिप्तचा कागद निनवेच्या दप्तरात होता, इतकं मात्र पक्कं. त्यापुढचं तहाचं कलम कुणी सांगू लागलं तर मी सही करणार नाही.

ठसा आणि लेख यांचं नातं सगळ्यात उंचीवर जातं ते इ. स. पू. ६७२ मध्ये. एसरहद्दोन राजाने धाकट्या मुलाला, अश्शूरबानिपालला, वारस नेमलं आणि साम्राज्यभरच्या मांडलिकांकडून शपथ घेतली. त्या शपथेच्या भल्यामोठ्या पाट्या मॅक्स मॅलोवन यांच्या मोहिमेला १९५५ साली निमरूदच्या, म्हणजे काल्हूच्या, नाबू मंदिरात तुकड्यांत मिळाल्या. आणखी एक २००९ साली तुर्कस्तानातल्या तेल तायिनातच्या मंदिरात मिळाली. पाटीवर राजाची मुद्राच नाही. तीन दंडगोल ठसे आहेत आणि तिन्ही अश्शूर देवाच्या नावाचे. एक सेन्नाखेरिबने करवलेली ‘नियतीची मुद्रा’, तिच्या लेखात म्हटलं आहे की देव जे मुद्रांकित करतो ते बदलत नाही. दुसरी मध्य-असिरियन काळातली. तिसरी जुन्या असिरियन काळातली, ‘अश्शूर देवाची, नगरभवनाची’. ज्या नगरभवनाच्या अधिकारात कानेशच्या व्यापाऱ्यांचे खटले चालत, त्याच संस्थेची ही मुद्रा. हजारांहून जास्त वर्षं ती कुठेतरी जपून ठेवलेली होती आणि साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या शपथेवर पुन्हा उमटवली गेली. सिलुलूच्या बाबतीत जुनी मुद्रा सोय म्हणून वापरली गेली, इथे ती जुनी आहे म्हणूनच वापरली. म्हणून जुन्या मुद्रेचा ठसा दिसला की कारण आधी ठरवून टाकू नये.

गोळे टिकले ते बहुतांशी आगींमुळे. अश्शूर इ. स. पू. ६१४ मध्ये पडलं, निनवे ६१२ मध्ये, आणि कानेशची पेठही जळली होती. नुसती वाळलेली माती ओल लागली की विरघळते. म्हणूनच आमच्याकडे पहिला नियम असा की न भाजलेला गोळा धुवायचा नाही. कोरडा मऊ ब्रश, आणि पाठीच्या खोबणीत धाग्याचा अंश असेल तर तोही नाही. प्रकाश एका बाजूने, अगदी तिरपा. ठसा वक्र पृष्ठभागावर असतो, त्यामुळे एका गोळ्यावर मुद्रा पूर्ण क्वचितच मिळते. एकावर देवाचं डोकं, दुसऱ्यावर पाय, तिसऱ्यावर लेखाची एक ओळ, असं जोडत जोडत एक पूर्ण रेखाटन उभं राहतं, आणि जो भाग कुठेच मिळाला नाही तो कोरा सोडायचा. आता न फोडलेले लिफाफेही आतून वाचता येतात. हाम्बुर्ग विद्यापीठातल्या चमूने उचलून नेता येईल असा सीटी स्कॅनर बनवला आणि २०२४ मध्ये तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नेऊन बंद पाट्या तपासल्या.

घरबसल्या पाहायचं असेल तर ब्रिटिश म्युझियमचा आणि सीडीएलआय या कीलाकार लेखांच्या डिजिटल ग्रंथालयाचा संग्रह ऑनलाइन खुला आहे. एखादा गोळा निवडा आणि नोंदीत तीन गोष्टी शोधा: सापडल्याची खोली, मुद्रेचं माप आणि पाठीचा फोटो. पाठीचा फोटो नसेल तर त्या नोंदीतलं ‘पोत्यावरचा’ किंवा ‘दारावरचा’ हे विधान तपासल्याशिवाय उचलू नका.